मेजोबाबूंनी फिर्याद लिहून घेतली

सलीलची सायकल साखळीसकट हरवली, तिथून हे सगळं सुरू झालं.

हरवली म्हणजे चोरीला गेली. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबाला बांधलेली, कुलूप लावलेली सायकल सकाळी जागेवर नाही. सलील बँकेतला माणूस, नुकताच नागपूरहून इकडे बंगालमध्ये बदलून आलेला, कागदावर अजून विश्वास असलेला. तडक पोलीस ठाण्यात गेला आणि एक चिठोरं घेऊन परत आला. त्यावर लिहिलेलं, सदर इसमाची सायकल हरवली आहे.

"हरवली?" मी म्हणालो. "म्हणजे स्वतः कुलूप उघडून फिरायला गेली आणि येताना रस्ता चुकली?"

"ते म्हणाले, चोरताना पाहिलंत का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग चोरली कशावरून?"

संध्याकाळी खाली गणपतीची मीटिंग होती. मीटिंग म्हणजे दिगंबरराव, त्यांची प्लास्टिकची खुर्ची आणि आम्ही चार मराठी घरं. दिगंबरराव गार्डन रीचला रेल्वेच्या हेडऑफिसातून रिटायर झाले, पण अजून गणपतीच्या मिरवणुकीचं टाइमटेबल काढतात. सायकलचा किस्सा ऐकून सगळे हसले. एक सुनीतीबाई सोडून.

सुनीतीबाई आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. लॉ कॉलेजात शिकवतात. पोलीस आणि पोलीस सुधारणा असा त्यांचा विषय आहे. असा विषय असतो हे मला त्यांच्यामुळे कळलं.

"यात हसण्यासारखं काय आहे?" त्या म्हणाल्या. "ही चोरी आहे. फिर्याद नोंदवून घ्यायलाच लागते. सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय."

"सुप्रीम कोर्ट दिल्लीला आहे, मास्तरीणबाई," मी म्हणालो. " ठाणं कोपऱ्यावर आहे."

"तुमच्यासारख्या लोकांमुळेच होतं हे सगळं. जायचं नाही, मागायचं नाही, ओळख काढायची नि काम करून घ्यायचं."

हे मला लागायला हवं होतं. नाही लागलं, कारण खरंच आहे. मी खिदिरपूरला गोदीतून लोकांचा माल सोडवून देतो. माझं अर्धं आयुष्य गेटावर, शिक्क्यासमोर आणि साहेब जेवायला गेलेत हे ऐकण्यात गेलंय. ओळख काढणं हाच माझा धंदा.

"माझ्या वर्गातलं कुठलंही पोर," सुनीतीबाई म्हणाल्या, "काही ओळख नसलेलं, ठाण्यात जाईल आणि एफआयआर नोंदवून येईल. नंबरसकट."

"आलं तर मी गणपतीपुढे कान धरून उठाबशा काढीन. अख्ख्या सोसायटीसमोर."

"आणि नाही आलं तर?"

"तर तुम्ही काढायच्या."

"अहो, माझे गुडघे!"

"मग हरू नका."

दिगंबरराव खुर्चीतून अर्धे उठले. "लागली पैज! मी माइकवरून पुकारणार. आरतीनंतर, प्रसादाच्या आधी. प्रसादानंतर कोणी थांबत नाही." माझ्यावर त्यांचा राग होताच. गेल्या होळीला मी सोसायटीच्या फळ्यावर लावलं होतं की दिगंबरराव यांच्याकडे सकाळी सात ते नऊ मोफत दाढी करून मिळेल. तिघे जण खरंच गेले होते.

दोन-तीन दिवसांनी सुनीतीबाईंनी दार वाजवलं.

"वर्गात याल का एकदा? पोरांना मी कायदा शिकवते. ठाणं कसं असतं ते मला शिकवता येत नाही. तुम्ही ठाणं व्हा."

"विरोधी पक्षाला बोलावताय?"

"तुम्ही जेवढे अडवाल तेवढी माझी पोरं तयार होतील."

मी लगेच हो म्हणालो. असली संधी कोण सोडतं? घरून खुर्चीवर टाकायला टॉवेल घेतला, चहाचा काचेचा ग्लास घेतला आणि टेबलफॅन घेतला. टेबलफॅनचं तोंड फक्त माझ्याकडे. माझी बायको लीना म्हणाली, नाटकात काम करताय की संसार हलवताय?

वर्गात तिसेक पोरं. सगळा कारभार बांगलात, मी इथे मराठीत सांगतो. बंगाली पोरं काकाला काकू म्हणतात. हे कळल्यापासून लीना मला हळदीकुंकवाचं आमंत्रण देते.

पहिला मुलगा आला. फोन चोरीला गेलाय म्हणाला.

"कुठे?"

"बसमध्ये, काकू. म्हणजे सर."

"बस कुठे होती?"

"पुलावर."

"पुलाच्या अलीकडे की पलीकडे?"

"मध्यावर."

"मध्यावर म्हणजे पाण्यावर. पाण्याचं ठाणं वेगळं. पुढचा!"

वर्गात हशा फुटला. दुसरी मुलगी कोर्टाचा निकाल छापूनच घेऊन आली होती, खाली पिवळ्या रेघा मारून. मी तो शांतपणे वाचला, मान डोलावली, म्हटलं, "सुंदर. याच्या तीन झेरॉक्स काढून आण. झेरॉक्सवाला आज बंद असतो." तिसऱ्यानं आवाज चढवला. मी त्याच्याहून खालच्या आवाजात म्हटलं, "याचं नाव, बापाचं नाव, पत्ता लिहून घ्या रे." तक्रार द्यायला आला होता, स्वतःच वहीत गेला. पोरं बाकं बडवत होती. मी चहाचा घोट घेत होतो, पंखा मला वारा घालत होता. खरं सांगतो, इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

सुनीतीबाई फळ्यापाशी उभ्या. मी एक युक्ती केली की ती डावीकडे लिहायच्या आणि उजवीकडे तिच्यावरचं कायद्यातलं उत्तर. आमची हद्द नाही, तर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतं. मोठे साहेब नाहीत, तर जो हजर आहे त्यानं घ्यायचं. घेतच नाहीत, तर वरच्या साहेबाला पोस्टानं पाठवायचं, त्यानंतर मॅजिस्ट्रेट. फळा भरत चालला होता आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता. प्रत्येक कुलपाला किल्ली होती.

मग शेवटच्या बाकावरची मुलगी आली. बारीक चणीची, डोक्याला तेल लावून घट्ट वेणी घातलेली. इतका वेळ ती एकदाही हसली नव्हती, हे मी पाहिलं होतं. विनोद करणाऱ्याचं लक्ष न हसणाऱ्याकडेच असतं.

"नाव?"

"शर्वरी."

"तक्रार कोणाविरुद्ध?"

"तुमच्याविरुद्ध."

"माझ्या?"

"या ठाण्याविरुद्ध. माझ्या भावाला इथे आणून कानाखाली मारलं. त्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही. लिहा."

कसला अभिनय, असं वाटलं मला. पोरगी आवाज चढवत नाही, रडत नाही, टेबलावर हात ठेवून बसलीय. मी खिशात युक्ती शोधायला लागलो आणि सापडेना. सायकलवाल्याला, फोनवाल्याला कसं घालवायचं हे मला पाठ होतं. याच्यावर काय बोलायचं? वर्ग थांबून बघत होता. शेवटी मी पेन उघडलं. "बरं बाई, लिहितो."

पोरांनी असा काही गलका केला की शेजारच्या वर्गातले सर दार उघडून बघून गेले. मॅम जिंकल्या, शर्वरी जिंकली. शर्वरी हसली, पहिल्यांदाच. ते हसू मी दिलं, याचा तेव्हा मला अभिमान वाटला होता.

खाली चहाच्या टपरीवर कळलं की अभिनय वगैरे काही नव्हता.

भावाचं नाव तन्मय. नदीकाठी जहाजं बांधायच्या यार्डात कंत्राटदाराकडे वेल्डिंग करतो. रस्त्यात बाइक अडवली, कागद बघितले, कागद बरोबर होते. यानं विचारलं, मग अडवलंत का? एवढंच. ठाण्यात नेलं, एक थप्पड मारली, संध्याकाळी सोडून दिलं. एकच थप्पड. पण डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय, आतही काही गेलंय, आता ऐकू यायचं नाही.

"त्याचं काय म्हणणं आहे?" मी विचारलं.

"तो म्हणतो, जाऊ दे." तिनं मातीचा कुल्हड दोन्ही हातांत धरला होता. "घरी सगळे त्याच्या उजव्या बाजूला बसायला लागलेत, काकू. कोणी ठरवलं नाही, आपोआप. आईसुद्धा. असंच चालू राहिलं तर थोड्या दिवसांनी वाटेल तो जन्मापासूनच असा आहे. मला पैसे नकोत. त्या माणसाची नोकरी जावी असंही नाही. हे झालं असं कुठेतरी लिहिलेलं असावं, एवढंच मला पाहिजे."

सुनीतीबाई म्हणाल्या, "लिहून घ्यावंच लागेल त्यांना."

पोरगी गेल्यावर मी म्हटलं, "मास्तरीणबाई, सायकल घ्या एखादी. फोन घ्या. पैजेसाठी ही नको."

"पैज गेली खड्ड्यात. तिला जायचंय."

"तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार ती."

"का म्हणू नको?" त्या थांबल्या. रस्त्यावरच, मिनीबसच्या वाटेत. कंडक्टर ओरडला तरी हलल्या नाहीत. "वीस वर्षं होत आली, उन्मेषराव, कोर्टानं पोलीस सुधारायला सात गोष्टी करायला सांगून. दर वर्षी मी त्या सात गोष्टी फळ्यावर लिहिते. पोरं उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, पास होतात. कोणी कधी विचारत नाही की मॅम, याचं करायचं काय? ही पहिली. हिला काय सांगू? हे सगळं फक्त सायकलीसाठी आहे?"

मी म्हटलं, "मिनीबस अंगावरून जाईल, इकडे या."

मग आम्ही तिला तयार केलं. कॉलेजच्या कँटीनमध्ये रोज दुपारी मी बडोबाबू व्हायचो, म्हणजे ठाण्याचा मोठा साहेब. मला येत होत्या नव्हत्या त्या सगळ्या खोड्या काढल्या. दमदाटी केली, लाडीगोडी लावली, फाइल हरवली, वीज घालवली. पोरगी एकेक उडवून लावायची. तिची एकच खोड होती, प्रश्न विचारला की क्षणभर अडखळायची. मी म्हटलं, "अडखळायचं नाही. ते अडखळण्याचीच वाट बघतात. विचारलं की धाड्‌कन सांगायचं, पूर्ण सांगायचं, काही लपवायला नाही असं सांगायचं." ती तेही शिकली. आठवड्याभरात इतकी पक्की झाली की मीच अडखळायला लागलो. कँटीनवाला म्हणाला, दादा, ही तुम्हालाच आत टाकेल.

तन्मयला नेलं होतं त्याच ठाण्यात आम्ही तिघं गेलो. ठरल्याप्रमाणे बोलायचं तिनं, आम्ही मागच्या बाकावर बसायचं. बडोबाबू नव्हते. मेजोबाबू होते, दोन नंबरचे साहेब. मी मनातल्या मनात हसलो. पहिली युक्ती, साहेब नाहीत. शर्वरीनं श्वास घेतला.

"बसा, मा," मेजोबाबू म्हणाले.

इथे मुलीला मा म्हणतात, आपण बाळ म्हणतो तसं. साठीकडे झुकलेला किडकिडीत माणूस, चष्मा नाकाच्या टोकावर, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. तिनं सांगायला सुरुवात केली. तो ऐकत राहिला. मध्ये एकदाच बोलला, आणि तेही शिपायाला चहा आणायला सांगायला. आम्हालासुद्धा. पंखा त्यानं तिच्याकडे फिरवला.

तिचं सांगून झालं. मी वाट बघत होतो. आता म्हणेल, पुरावा काय? आता म्हणेल, इतके दिवस कुठे होतीस?

"वाईट झालं," मेजोबाबू म्हणाले आणि त्यांनी लिहायला घेतलं.

सुनीतीबाईंनी माझा दंड इतका जोरात धरला की वळ उठला. मी हरलो होतो. उठाबशा काढायला लागणार होत्या, आणि आईशप्पथ, मला बरं वाटत होतं. बाहेर पाऊस नव्हता, आत ओरडणं नव्हतं, आणि एक पोलीस एका मुलीचं म्हणणं स्वच्छ अक्षरात लिहून घेत होता.

"भावाचं पूर्ण नाव?"

तिनं धाड्‌कन सांगितलं.

"कामाला कुठे?"

सांगितलं.

"कंत्राटदार कोण?"

सांगितलं.

"कुठल्या गेटनं आत जातो? गेटपास असेल ना, मा?"

"आहे."

"कधीपर्यंतचा?"

"पुढच्या महिन्यात संपतो. नवीन करायला दिलाय."

तिथे माझ्या हातातला चहा थांबला. तीस वर्षं मी गेटांवर काढली आहेत. गेटपासची तारीख उगाच कोणी विचारत नाही. पण शर्वरी कुठे अडखळते? मीच शिकवलं होतं. तिनं पासचा नंबर पाठ म्हणून दाखवला.

मेजोबाबूंनी सगळं वाचून दाखवलं, सही घेतली, प्रत दिली, शिक्का मारला. पैसे नाहीत, कुरकुर नाही. दारापर्यंत सोडायला आले. सुनीतीबाईंनी बाहेर येऊन एफआयआरच्या नंबराचा फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. दिगंबररावांनी खाली लिहिलं, उन्मेष, गुडघ्याला तेल लावायला सुरुवात कर.

शर्वरी तो कागद परत परत वाचत होती. ट्राममध्ये, बसमध्ये वाचतात ना लोक, तसा नाही. एका ओळीवर बोट ठेवून, ती ओळ कोणी पुसणार तर नाही अशी. तिनं आम्हाला संदेश नावाची इथली मिठाई खायला घातली. मी गेटपासबद्दल काही बोललो नाही. काय बोलणार होतो? मला नक्की काही माहीत नव्हतं. नुसता वास आला होता.

पुढचा महिना आला आणि तन्मयचा पास झाला नाही.

यार्डात आत जायला पास लागतो, पासला पोलिसांचा रिपोर्ट लागतो, आणि रिपोर्ट राहत्या पत्त्याच्या ठाण्यातून येतो. म्हणजे त्याच. दर वेळी येतो, कोणी बघतसुद्धा नाही. या वेळी आला त्यात लिहिलं होतं की या माणसाच्या संबंधात ठाण्यात एक केस चालू आहे.

सुनीतीबाई ठाण्यात गेल्या. मी मागोमाग. मेजोबाबूंनी पुन्हा चहा मागवला.

"त्याच्याविरुद्ध केस नाहीये!" सुनीतीबाई म्हणाल्या. "तो तर मार खाल्लेला आहे. केस त्याच्या बाजूनं आहे!"

"बरोबर आहे, मॅडम."

"मग?"

"यार्डवाल्यांचं विचारणं असं असतं की या माणसाच्या संबंधात केस चालू आहे का. कुठल्या बाजूनं, ते विचारत नाहीत." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी नाही लिहिलं असतं तर खोटं झालं असतं. तुम्ही कायदा शिकवता. तुम्हीच सांगा, मी खोटा रिपोर्ट देऊ?"

"तपास कधी संपेल?"

"चालू आहे."

"कोण करतंय?"

"मीच," मेजोबाबू म्हणाले. "माणसं कमी आहेत, मॅडम. चहा गार होतोय."

त्यांच्या आवाजात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. टोमण्याला टोमणा देता येतो. माणूस मनापासून समजावून सांगत होता. वर्गात मी जितक्या युक्त्या दाखवल्या त्या सगळ्या नाही म्हणण्याच्या होत्या. हो म्हणून काय करता येतं, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, पोलिसांच्या बाबतीत मी पोचलेला आहे. मी बालवाडीत होतो.

सुनीतीबाईंनी काय नाही केलं? वरच्या साहेबांना अर्ज दिला. त्याच्याही वरच्या साहेबांना दिला. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला म्हणून जे कोण बसवलेले असतात त्यांना दिला. सगळीकडून पोच आली. एका ठिकाणाहून उत्तरही आलं, की आपला अर्ज योग्य कारवाईसाठी संबंधित ठाण्याकडे पाठवण्यात आला आहे. मॅजिस्ट्रेटकडे जाता येईल, त्या म्हणाल्या. किती दिवस लागतील, शर्वरीनं विचारलं. सुनीतीबाईंनी खोटं सांगितलं नाही. तन्मय तोवर घरी बसून होता आणि कंत्राटदार रोज फोन करून विचारत होता, तुझं ठाण्याचं लफडं मिटलं का.

मी माझ्या पद्धतीनं बघितलं. ओळखीच्या माणसानं त्याच्या ओळखीच्या माणसाला विचारलं. निरोप आला, यात काही अडवलेलंच नाही तर सोडवायचं काय?

शेवटी एका दुपारी शर्वरी खिदिरपूरला माझ्या ऑफिसात आली. मॅमकडे नाही, माझ्याकडे.

"काकू, जबाब द्यायचाय. गैरसमज झाला होता असा. कसा लिहायचा?"

"मॅमना विचारलंस?"

"मॅमना कसं विचारू?"

खाली ट्रेलर रिव्हर्स घेत होता, त्याचं पीं पीं चाललं होतं. ती खुर्चीच्या टोकावर बसली होती, वर्गात बसली होती तशीच, टेबलावर हात ठेवून. मी म्हटलं, "थोडं थांबू या. दुर्गापूजोपर्यंत."

"दादाची जागा महिनाअखेर भरणार आहेत."

मी लिहून दिलं. मला असलं चांगलं येतं. माल फुटला तर तो आधीपासून फुटलेला होता, असं मी आयुष्यभर लिहीत आलोय. भावाच्या कानाला लहानपणापासून त्रास होता, घरच्यांच्या काळजीपोटी बहिणीचा समज चुकीचा झाला, ठाण्यात त्याला सन्मानानं वागवण्यात आलं. तिनं एकदा वाचलं.

"लहानपणापासून," ती म्हणाली.

"दुसरं काही घालू?"

"नको. हेच चालेल."

मेजोबाबूंनी जबाब लिहून घेतला, तसाच, स्वच्छ अक्षरात. केस बंद करायला पाठवली. रिपोर्ट कोरा आला, पास झाला. पण तोवर कंत्राटदारानं दुसरा वेल्डर घेतला होता. म्हणाला, पूजोनंतर बघू.

शर्वरीनं मॅमचा विषयही सोडला. कंपनी कायदा घेतला. सुनीतीबाईंना ते हजेरी घेताना कळलं. त्यांनी तिचं नाव पुकारलं, तेव्हा दुसरी एक मुलगी उठून म्हणाली, मॅम, ती आता या वर्गात नाही.

मग गणपती आले.

सोसायटीला यातलं काही माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी गोष्ट त्या फोटोवर संपली होती. नंबर आला, उन्मेष हरला. सुनीतीबाई दुपारीच आमच्याकडे आल्या होत्या. "नका करू," म्हणाल्या. "मी दिगंबररावांना सांगते, पैज रद्द."

"काय सांगाल? केस झाली, पैज तर अशीच होती. नंबरसकट."

"उन्मेषराव, मी जिंकले असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मी हरलो एवढंच म्हणायचंय."

आरती झाली. दिगंबररावांनी माइक धरला आणि घसा साफ केला. "आता कार्यक्रमाचा मुख्य भाग! फळ्यावर दुसऱ्यांच्या नावानं सूचना लावणारे आपले उन्मेष..." पुढचं कोणाला ऐकूच आलं नाही, एवढा हशा. सलीलनं मोबाइल वर धरला. लीनानं डोळ्यांवर हात घेतला आणि बोटांच्या फटीतून बघायला लागली. सुनीतीबाईंचे विद्यार्थी आले होते, मोदक खायला. त्यांच्या मागे शर्वरी होती. मीच बोलावलं होतं, येईल असं वाटलं नव्हतं. शेजारी एक उंच मुलगा, मान किंचित वळवून उभा, उजवी बाजू माइककडे करून. ती त्याच्या उजवीकडे उभी होती.

मी मूर्तीसमोर गेलो, हात उलटसुलट करून दोन्ही कान धरले.

"किती काढायच्या?" दिगंबररावांनी विचारलं.

ते ठरलंच नव्हतं. गर्दीतून आकडे आले, अकरा, एकवीस, एकशे आठ. दिगंबरराव म्हणाले, "थांबा, थांबा! ज्या जिंकल्या त्या ठरवतील. सुनीतीबाई पुरे म्हणतील तोपर्यंत!"

त्यांनी माइक सुनीतीबाईंच्या हातात दिला.

मी खाली बसलो, उठलो. पोरं मोजायला लागली, बांगलात, टाळ्यांवर. तन्मयला हसू आलं. त्यानं बहिणीकडे वाकून काहीतरी विचारलं, हे कोण म्हणून असेल, तिनं काहीतरी सांगितलं, आणि तो आणखी हसला. चांगलं, मोकळं हसू. पोराला माहीत नव्हतं की त्याच्या कानाला लहानपणापासून त्रास होता हे मी लिहिलंय. मग मी जरा नाटक केलं. कण्हलो, कंबर धरायला गेलो, लोकांनी ओरडून कान धरायला लावले. तो टाळ्या वाजवायला लागला.

मोजणारे थकले. टाळ्या विरळ झाल्या. माझा सदरा पाठीला चिकटला, गुडघ्यातून आवाज यायला लागला.

"सुनीतीबाई, म्हणा आता," दिगंबरराव हळूच म्हणाले. "पन्नाशी उलटलीय त्याची."

सुनीतीबाईंनी माइक तोंडाजवळ नेला. स्पीकरमधून त्यांचा श्वास ऐकू आला सगळ्यांना. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. गर्दीच्या मागे, घट्ट वेणीच्या त्या मुलीकडे बघत होत्या, आणि ती मुलगी त्यांच्याकडे. दोघींपैकी कोणीच नजर काढून घेईना.

"अहो, म्हणा ना पुरे!" लीना ओरडली. आता ती हसत नव्हती.

त्यांनी पुरे म्हटलं नाही. मीही मागितलं नाही. खाली बसलो, आणि कान धरून परत उठलो.